रावेरात बसून पडद्यावर 'मुंबई' का उमटतं?

रावेर किंवा चोपड्यात बसून 'माझा आयपी पत्ता' (इंटरनेटवर आपली जोडणी ओळखणारा आकडा) शोधला की गावाच्या जागी बऱ्याचदा मुंबई नाहीतर पुणे येतं. फोन हॅक झाला की काय, या शंकेने माणूस हादरतो. तसं काही नसतं. याचं मूळ सप्टेंबर १९८१ मध्ये आहे.

तेव्हा आयपीची, म्हणजे या पत्त्यांच्या नियमांची, चौथी आवृत्ती ठरली आणि पत्त्याला ३२ बिट (शून्य किंवा एक लिहायच्या जागा) मिळाले, म्हणजे जगभरासाठी मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, त्याच्या आदल्याच वर्षी एका पत्त्यामागे अनेक संगणक बसवण्याची 'नॅट' ही युक्ती मांडली गेली होती. १९९६ मध्ये १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठी पक्के झाले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटून संपले. मग २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा खास इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखला गेला. आता कंपनीच शेकडो ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवते. तो पत्ता जिथून बाहेर पडतो किंवा जिथला म्हणून नोंदलेला असतो, तेच शहर संकेतस्थळाला दिसतं.

याचा खरा फटका बसतो तो केळीच्या बागेत, विहिरीवर कॅमेरा लावणाऱ्याला. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडूनही घरून चित्र दिसत नाही आणि दोष कॅमेऱ्याच्या माथी जातो. आधी राउटरचं पान उघडा (बहुधा १९२.१६८.१.१), तिथला 'वॅन आयपी' (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघा आणि संकेतस्थळ दाखवतं त्या पत्त्याशी ताडा. दोन्ही वेगळे असतील तर मधे कंपनीचं नॅट आहे. पोर्ट कितीही उघडा, उपयोग नाही. कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्या किंवा क्लाउडवरून चालणारा कॅमेरा लावा.

जोडणीच बंद वाटत असेल तर १९८३ पासूनचं 'पिंग' (दुसऱ्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का ते बघणारी आज्ञा) अजून पुरतं. आधी राउटरला, मग ८.८.८.८ या गुगलच्या पत्त्याला, मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग करा. राउटरलाच उत्तर नसेल तर बिघाड घरातला, वायफायचा किंवा वायरीचा. राउटर बोलतो पण आकडा बोलत नाही, तर लाइन गेली. फायबरच्या डब्यावर बहुधा लाल दिवा लुकलुकत असेल. आकडा चालतो आणि नावच अडतं, तर नावावरून पत्ता शोधून देणारं डीएनएस बिघडलंय. आणि १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट) प्लॅन घेतला की फाइल सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइटने उतरते, कारण आठ बिटांचा एक बाइट.

पत्ता इतका सामाईक असताना संकेतस्थळ नेमकं तुम्हालाच कसं ओळखतं? कुकीने, म्हणजे संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवतं त्या छोट्या नोंदीने. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली यांनी ती आणली, खरेदीची टोपली लक्षात राहावी म्हणून. पुढे जाहिरातवाल्यांनी तिच्यावर माग काढणं सुरू केलं. ब्राउझर, भाषा, पडद्याचा आकार, वेळेचा पट्टा हेही दिसतं. अँड्रॉइडवरचं क्रोम मात्र २०२३ पासून आपल्या ओळखीत फोन कोणताही असो, 'अँड्रॉइड १०' आणि मॉडेलच्या जागी नुसतं 'के' एवढंच सांगतं. इन्कॉग्निटो खिडकी बंद केली की तिच्यातल्या कुकी पुसल्या जातात, पत्ता मात्र तोच राहतो.

तुमची नेमकी गल्ली कळते ती 'लोकेशन'ला होकार दिल्यावरच. क्रोमच्या सेटिंग्जमधल्या साइट सेटिंग्जमध्ये 'लोकेशन' उघडा. ज्यांना परवानगी दिलीय त्यांची यादी तिथेच असते, आणि नको असलेलं नाव तिथूनच काढता येतं.