भाडेकरू वेगळा, लायसन्सी वेगळा: फ्लॅट भाड्याने देण्याआधी

पुण्यात किंवा ठाण्यात गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात: भाडं किती येईल, आणि राहणारा माणूस वेळेवर घर खाली करेल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तुमच्याच हातात असतं, कारण ते त्याला तुम्ही कोणत्या नात्याने घरात घेतलं यावर ठरतं. बोलताना आपण सरसकट सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो. महाराष्ट्रातला कायदा तसं म्हणत नाही.

खरा भाडेकरू तो, ज्याला घर वापरण्याचा हक्क मिळतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे आणि तो या भाडेकरूला भक्कम संरक्षण देतो. ठरलेलं भाडं तो देत असेल, देण्याची त्याची तयारी असेल, तर केवळ मुदत संपली म्हणून त्याला काढता येत नाही. थकबाकी, मालकाची स्वतःची खरीखुरी गरज, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, अशी कायद्यात दिलेली कारणं कोर्टात सिद्ध करावी लागतात. भाडं वर्षाला 4 टक्क्यांनी वाढवता येतं. भाडेकरू वारला, तर त्याच्यासोबत राहणारा घरचा माणूस भाडेकरू होऊ शकतो. गिरगाव-दादरकडची पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून भाड्याने घेतलेली, घरं पिढ्यान्‌पिढ्या त्याच कुटुंबाकडे का राहतात, हे त्यावरून कळेल.

लायसन्सीला असा हक्क मिळत नाही, मिळते ती ठरावीक काळ राहण्याची परवानगी. घराचा कायदेशीर ताबा मालकाचाच राहतो. लिव्ह अँड लायसन्स म्हणतात तो करार हाच.

जुने मालक या करारालाही घाबरतात, आणि त्याला कारण आहे. 1973 मध्ये तेव्हाच्या मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला लायसन्सवर राहत असलेल्यांना थेट भाडेकरूचा दर्जा मिळाला. ‘घर बंद ठेवू, पण देणार नाही’ ही भीती त्यानंतर अनेक घरांत मुरली. आज लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घरासाठी 1999 च्या कायद्यात कलम 24 आहे. मुदत संपली की लायसन्सीने घर सोडायचं. नाही सोडलं, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करतो, आणि जास्तीच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला आपली बाजू मांडण्यासाठी आधी परवानगी मागावी लागते, तीही 30 दिवसांत. मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तरी भाडेकरूविरुद्धच्या दाव्यापेक्षा ही वाट पुष्कळ जवळची आहे. कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं असले उद्योग मात्र कधीही करू नका, हातातली भक्कम बाजू त्याने कमकुवत होते.

आता ‘अकरा महिन्यांचं’ अ‍ॅग्रीमेंट. 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायला अकरा महिन्यांची प्रथा पडली आणि लोक शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून मोकळे होऊ लागले. महाराष्ट्रात ही पळवाट बंद आहे. 1999 च्या कायद्याचं कलम 55 सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं मानलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. शिवाय मालकाला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे माहीत असूनही एजंट ‘नोटरी पुरते’ म्हणतो, तेव्हा मला खरंच राग येतो. धोका सगळा मालकाच्या गळ्यात पडतो.

आणि वाचतं किती? 25,000 रुपये भाडं, 1 लाख परत करायचं डिपॉझिट, 24 महिने मुदत, असा हिशेब करू. भाडं 6 लाख. डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरायचं, म्हणजे 20,000. एकूण 6,20,000 वर 0.25 टक्के स्टॅम्प ड्युटी, 1,550 रुपये. शहरी भागात नोंदणी फी 1,000. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते. लायसन्स 60 महिन्यांपर्यंत या दराने करता येतं, तेव्हा अकराच महिने धरून बसायचं कारण नाही.

मसुदाही नीट वाचा. वर लिव्ह अँड लायसन्स लिहायचं आणि आत ‘भाडेपट्टा’, ‘भाडेकरूचा हक्क’ अशी वाक्यं ठेवायची, हा घोळ नेटवरून उतरवलेल्या नमुन्यांत सर्रास दिसतो. नाव काहीही द्या, खरा व्यवहार आणि पक्षांचा हेतू पाहिला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्येच एका हॉटेलच्या खटल्यात सांगितलं आहे. कर भरताना मात्र फरक पडत नाही, दोन्हींचं उत्पन्न एरवी घरभाड्याचंच धरलं जातं.

शेवटचा मुद्दा स्वस्तात मिळणाऱ्या फ्लॅटचा. ‘आत माणूस राहतोय, म्हणून कमी किंमत’ असं कुणी म्हणालं, तर तो माणूस कोण हे विचारा आणि नोंदणीकृत करार मागा. लायसन्सी असेल, तर संपण्याची तारीख कागदावर दिसेल. जुना भाडेकरू असेल, तर त्याचं संरक्षण मालक बदलला तरी टिकतं. तुम्हाला स्वतःला राहायचं असलं, तरी त्रास कुणाला जास्त होईल याची तुलना कोर्ट करतं. चालू लायसन्स वाढवायचं असेल, तर नवा करार जुना संपण्याआधी नोंदवा, मधले महिने तोंडी चालू देऊ नका.