भिंग किती पटींचे, त्याआधी किती अंतराचे

जळगावच्या सराफ बाजारात तुटलेल्या साखळीची कडी जोडणारा कारागीर असो किंवा धुळ्यात मोबाइलच्या बोर्डावरचे भाग बदलणारा दुरुस्तीवाला, हात मुरतो त्याच वयात चाळिशी लागते. डोळ्यातील भिंग वयानुसार ताठर होत जाते आणि स्नायूंनी जोर लावला तरी पुरेसे फुगत नाही. लहानपणी 10 सेंटीमीटरवरची वस्तूही स्पष्ट दिसते. साठीपर्यंत हेच अंतर चष्म्याविना साधारण एक मीटरवर जाते.

भिंग घेताना बहुतेक जण ते किती पटींचे आहे, एवढेच पाहतात. माझ्या मते आधी अंतर, म्हणजे वस्तू भिंगापासून किती लांब धरावी लागते ते, पाहावे. सराफाचे 10 पटींचे लूप (डोळ्याजवळ धरायचे छोटे भिंग) हिरा पारखायला उत्तम, पण त्याचे हे अंतर (नाभीय अंतर) अवघे 25 मिलिमीटर असल्याने वस्तू जवळजवळ डोळ्याला लावावी लागते आणि मध्ये चिमटा किंवा सोल्डरिंग आयर्न शिरायला जागा उरत नाही.

शिवाय पटींचा आकडा फसवा असू शकतो. काही उत्पादक डायॉप्टरला (भिंगाची शक्ती, म्हणजे चष्म्याचा नंबर असतो तोच आकडा) 4 ने भागतात, काही त्या उत्तरात आणखी 1 मिळवतात. त्यामुळे 8 डायॉप्टरचे एकच भिंग कुठे 2 पटींचे, तर कुठे 3 पटींचे ठरते. हा वाढीव 1 डोळा स्वतःहून जवळचे पाहू शकतो असे गृहीत धरून येतो, आणि चाळिशीनंतर नेमकी तीच क्षमता ओसरलेली असते. म्हणून डोक्यावर बांधायचे भिंग जवळच्या चष्म्यावरच लावावे. 100 ला डायॉप्टरने भागले की अंतर सेंटीमीटरमध्ये मिळते: 5 डायॉप्टरला 20 सेंटीमीटर, आणि आत अडीच नंबरचा चष्मा असेल तर सुमारे 13. आकडा छापलेला नसल्यास लांबच्या खिडकीची प्रतिमा भिंतीवर स्पष्ट पाडून भिंगापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजावे.

मोबाइलमधील 0.6 × 0.3 मिलिमीटरच्या भागांसाठी मात्र दोन्ही डोळ्यांनी पाहायचा स्टिरिओ मायक्रोस्कोपच हवा, कारण हत्याराच्या टोकाची खोली त्यातच कळते. त्याला अर्ध्या पटीचे जोडभिंग लावल्यास पटी निम्म्या होतात, पण हातांखालची जागा जवळपास दुप्पट होते.

उजेडाकडेही तितकेच लक्ष हवे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, म्हणून दिवा बाजूने आणि जवळ ठेवावा. एवढे करूनही सगळे धुरकटच दिसत असेल, तर नवे भिंग घेण्याआधी मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी.