व्यापारी गटातून देश बाहेर पडणं आणि त्याचे परिणाम

काही देश आपापसात करार करून एकमेकांच्या मालावरचं आयातशुल्क कमी करतात किंवा काढूनच टाकतात, हळूहळू नियमही सारखे करतात, आणि त्यातून व्यापारी गट तयार होतो. यातला एखादा देश गट सोडतो तेव्हा त्याच्या व्यापारावर, चलनावर, नोकऱ्यांवर, सरकारवर आणि कधीकधी त्याच्या स्वतःच्या एकसंधपणावर जे परिणाम होतात त्याबद्दल ही नोंद आहे. सगळ्यात गाजलेलं उदाहरण अर्थातच ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्याचं, म्हणजे ब्रेक्झिट, पण ते पहिलं नाही आणि शेवटचंही नाही. ग्रीनलँड, चिली, व्हेनेझुएला, आणि 2025 मध्ये पश्चिम आफ्रिकेतले माली, बुर्किना फासो आणि नायजर हे तीन देश, सगळ्यांनी हे केलंय, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी निघाली.

किंमत वेगळी का निघते तर गट किती खोल आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. नुसतं मुक्त व्यापार क्षेत्र असेल तर बाहेर पडणाऱ्याची शुल्कातली सवलत जाते, आणि दोघेही जागतिक व्यापार संघटनेचे सदस्य असतील तर तिच्या नियमांप्रमाणे इतरांना लागतं तेच शुल्क त्यालाही लागतं, एवढंच. कस्टम्स युनियन असेल तर बाहेरच्या जगासाठी सगळ्यांचं शुल्क एकच असतं, म्हणजे बाहेर पडल्यावर हजारो वस्तूंचं स्वतःचं शुल्कपत्रक नव्याने बनवावं लागतं, सीमेवर माणसं नेमावी लागतात, गटाने तिसऱ्या देशांशी केलेले करारही आपल्यापुरते पुन्हा करून घ्यावे लागतात. आणि सामायिक बाजारपेठ सोडायची असेल तर प्रकरण फारच लांबतं, कारण तिथे माणसं, पैसा, सेवा सगळंच मोकळं फिरत असतं, मग डॉक्टरची पदवी चालेल का, औषधाला मंजुरी कोण देणार, बँकेचं लायसन्स सीमेपलीकडे चालणार का, ट्रक ड्रायव्हरला परमिट लागेल का, असे हजार प्रश्न एकदम उभे राहतात जे तोपर्यंत कुणाला पडतच नव्हते.

बाहेर पडायची पद्धत

बहुतेक करारांमध्ये नोटीस द्यायची तरतूद असते. युरोपीय संघात ती लिस्बन कराराच्या कलम 50 मध्ये आहे, हा करार डिसेंबर 2009 मध्ये लागू झाला, आणि त्यात नोटीस दिल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. आता ही मुदत वरवर पाहता दोन्ही बाजूंना सारखी वाटते पण तसं नाहीये, कारण मुदत संपेपर्यंत करार झाला नाही आणि सगळ्या सदस्यांनी एकमताने वाढवूनही दिली नाही तर जाणारा देश थेट बाहेर फेकला जातो, त्यामुळे घाई असते ती त्याला, राहणाऱ्यांना नाही. ब्रिटनने 29 मार्च 2017 ला नोटीस दिली तेव्हा आपल्याला नक्की कसलं नातं हवंय हेच देशात ठरलेलं नव्हतं. माझ्या मते ब्रेक्झिटमधल्या पुढच्या अर्ध्याअधिक गोंधळाचं मूळ इथेच आहे. मुदत वाढवत वाढवत शेवटी 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन बाहेर पडला, त्यानंतर डिसेंबरअखेरपर्यंत संक्रमण काळ होता, आणि व्यापार कराराची बोलणी संपली 24 डिसेंबरला, म्हणजे नवे नियम लागू व्हायला जेमतेम आठवडा उरला असताना.

दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या अँडियन गटाची पद्धत याहून बरी म्हणायला हवी. तिथे सदस्य गेला तरी व्यापारातल्या सवलती पुढे 5 वर्षं चालू राहतात. कोलंबिया आणि पेरूने अमेरिकेशी मुक्त व्यापाराचे करार केले म्हणून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ यांनी एप्रिल 2006 मध्ये व्हेनेझुएलाला गटातून काढलं, तरी शुल्कातली सवलत 2011 पर्यंत टिकली, निदान कागदावर. चिलीने तोच गट त्याआधी 1976 मध्ये सोडला होता, पिनोशेच्या लष्करी राजवटीत, कारण परदेशी गुंतवणुकीवर गटाने घातलेली बंधनं त्या सरकारला नको होती. एकच गट, एक देश त्यातून मोकळ्या बाजारासाठी बाहेर पडला आणि दुसरा मोकळ्या बाजाराच्या रागाने, म्हणजे गट सोडणं हे अमुकच विचारसरणीचं काम आहे असं समजू नये.

आर्थिक परिणाम

बातम्यांमध्ये सगळा भर आयातशुल्कावर असतो. खरा खर्च मात्र बहुतेक वेळा कागदपत्रांचा असतो, आणि हे लोकांना नीट सांगितलंच जात नाही याचं वाईट वाटतं. ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या करारात शुल्क शून्य आहे, किती माल पाठवायचा यावर कोट्याची मर्यादाही नाही, ऐकायला छानच. पण शून्य शुल्क मिळतं ते फक्त त्या दोघांकडे बनलेल्या मालाला, आणि माल कुठे बनला हे सिद्ध करायला मूळ देशाचे नियम लागतात, कुठला भाग कुठून आला, त्यावर किती प्रक्रिया झाली, सगळं दाखवावं लागतं. त्यामुळे तिसऱ्या देशातून ब्रिटनमध्ये आणून नुसता पुन्हा पॅक केलेला माल आयर्लंडला पाठवायचा तर त्यावर शुल्क बसायला लागलं. मांस, दूध, चीज पाठवायचं तर पशुवैद्यकाची सही असलेलं आरोग्य प्रमाणपत्र हवं. जिवंत शिंपल्यांचं तर फार वाईट झालं, ब्रिटनच्या ज्या पाण्यातले शिंपले शुद्ध करूनच खावे लागतात तिथले शिंपले युरोपात शुद्ध न करता पाठवताच येईनात, कारण बाहेरच्या देशांसाठी नियमच तसा होता आणि ब्रिटन आता बाहेरचा देश होता.

याचा मार सगळ्यांना सारखा बसत नाही. मोठ्या कंपनीकडे कस्टम्सचं काम बघायला वेगळा विभाग असतो, ती एक गोदाम पलीकडे टाकते आणि धंदा चालू ठेवते. दहा-बारा माणसांचा छोटा निर्यातदार मात्र प्रत्येक खेपेमागे तेवढाच कागदाचा खर्च भरतो मग खेप लहान असो की मोठी, आणि शेवटी तिकडची गिऱ्हाईकं सोडून देतो. एकूण आकड्यांमध्ये हे पटकन दिसत नाही कारण मोठ्यांची निर्यात आकडा वर धरून ठेवते.

दुसरी गोष्ट म्हणजे परिणाम बाहेर पडायच्या दिवसाची वाट बघत नाहीत. 23 जून 2016 च्या सार्वमतात 51.9 टक्के लोकांनी बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं आणि दुसऱ्याच दिवशी पौंड डॉलरच्या तुलनेत 1985 नंतरच्या सगळ्यात खालच्या पातळीवर गेला, मग आयात माल महागला, महागाई वाढली, आणि पुढे काय नियम असणार हेच माहीत नसल्याने कंपन्यांची गुंतवणूक कित्येक वर्षं अडकल्यासारखी झाली. हे सगळं होत असताना ब्रिटन अजून पूर्ण सदस्यच होता! सरकारच्या खर्चाचे अंदाज तपासणारं ब्रिटनमधलं ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी धरून चालतं की लांबच्या काळात देशाची आयात आणि निर्यात दोन्ही, संघात राहिलो असतो तर झाली असती त्यापेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी कमी राहील आणि उत्पादकता 4 टक्क्यांनी. हा अंदाज आहे, मोजलेलं सत्य नाही, कारण मधे कोविड आला, युक्रेनचं युद्ध आलं, आणि ब्रेक्झिट न झालेला ब्रिटन तुलनेला कुठेच उपलब्ध नाही.

फायद्याची बाजूही आहे. स्वतःचे करार करता येतात, ब्रिटनने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी केले, डिसेंबर 2024 मध्ये पॅसिफिक महासागराभोवतीच्या देशांच्या सीपीटीपीपी या व्यापारी गटातही शिरला. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने सरसकट शुल्कं जाहीर केली तेव्हा ब्रिटनला 10 टक्के लावलं आणि युरोपीय संघाला 20, तेव्हा ब्रेक्झिटवाल्यांनी याकडे बोट दाखवलं, आणि ते चूक नव्हतं. पण अंतराचा हिशोब काही केल्या बदलत नाही. ब्रिटनची 40 टक्क्यांहून जास्त निर्यात शेजारच्या संघातच जाते, आणि ऑस्ट्रेलियाच्या करारातून अर्थव्यवस्थेत किती वाढ होईल याचा खुद्द सरकारचाच अंदाज 0.1 टक्क्याच्याही आतला होता.

लोकांच्या येण्याजाण्यावर काय होतं हेही बघण्यासारखं आहे. युरोपातून येणारे कमी झाले हे खरं, पण त्यांच्या जागी इतर देशांतून येणारे इतके वाढले की जून 2023 ला संपलेल्या वर्षात ब्रिटनमधलं निव्वळ स्थलांतर 9 लाखांच्या वर गेलं. गट सोडल्याने नियम ठरवायचा अधिकार परत येतो, तो वापरून काय करायचं हे सरकारच ठरवतं.

राजकीय परिणाम

इथे मला वाटतं बाहेरच्या जगापेक्षा घरात जास्त पडझड होते. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी बाहेर पडण्यासाठी संघाशी केलेला करार जानेवारी 2019 मध्ये संसदेने 230 मतांनी फेटाळला, कुठल्याही ब्रिटिश सरकारचा एवढा मोठा पराभव झालेला नव्हता, आणि त्यानंतर आणखी दोनदा फेटाळला. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी त्याच वर्षी आपल्याच हुजूर पक्षाचे 21 खासदार पक्षाच्या संसदीय गटातून काढले. संसद स्थगित करायचा त्यांचा निर्णय सुप्रीम कोर्टाने बेकायदा ठरवला.

सगळ्यात अवघड प्रश्न सीमेचा. स्कॉटलंडने 62 टक्के आणि उत्तर आयर्लंडने जवळपास 56 टक्के मतं राहण्याच्या बाजूने दिली होती. आता ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड आणि संघात राहिलेलं आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यामधली सीमा 1998 च्या गुड फ्रायडे या शांतता करारानंतर उघडी झालेली, तिथे पुन्हा चौक्या नकोत यावर सगळ्यांचं एकमत, पण दोन वेगळ्या कस्टम्स व्यवस्थांमध्ये तपासणी कुठेतरी तर करावीच लागणार, मग ती समुद्रात गेली, म्हणजे ब्रिटनच्याच एका भागातून दुसऱ्या भागात माल जाताना तपासणी. युनियनिस्ट, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावं असं म्हणणाऱ्या लोकांना हे इतकं लागलं की त्यांच्या डीयूपी पक्षाने 2022 मध्ये प्रांतिक सरकार सोडलं आणि राजधानी बेलफास्टमधला कारभार 2 वर्षं ठप्प राहिला. ब्रिटन आणि संघातल्या फेब्रुवारी 2023 च्या विंडसर फ्रेमवर्क या समझोत्याने तपासणी बरीच कमी केली, संपवली नाही.

मागे राहणाऱ्यांवरही परिणाम होतो. संघाचा एक मोठा वर्गणीदार गेला, औषध संस्था लंडनहून ॲमस्टरडॅमला आणि बँकिंग संस्था पॅरिसला हलली, आयर्लंडमधून ब्रिटन टाळून थेट फ्रान्सला जाणाऱ्या बोटी वाढल्या. पण आता एकेक देश फुटत जाणार ही भीती मात्र खरी ठरली नाही, उलट ब्रिटनचे हाल बघून फ्रान्समध्ये मरीन ल पेन यांच्या पक्षानेही बाहेर पडायची मागणी बाजूला ठेवली.

ग्रीनलँड आणि साहेल

ग्रीनलँडचं उदाहरण लहान आहे पण फार शिकण्यासारखं. 1972 च्या सार्वमतात तिथल्या सुमारे 70 टक्के लोकांनी नको म्हटलं होतं, तरी ग्रीनलँड डेन्मार्कचा भाग असल्याने डेन्मार्कबरोबर 1973 मध्ये त्यांना युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या संघाच्या आधीच्या रूपात, जावं लागलं, आणि मासेमारी हाच जिथे जगायचा आधार तिथले मासे कुणी किती पकडायचे हे समुदायाचं मुख्यालय असलेलं ब्रसेल्स ठरवायला लागलं. 1979 मध्ये स्वराज्य मिळाल्यावर 1982 ला त्यांनी पुन्हा मत घेतलं आणि 1 फेब्रुवारी 1985 ला बाहेर पडले. समुदायाला हवे असलेले मासे त्यांच्याकडे होते, म्हणून सौदा चांगला झाला, युरोपीय बोटींना मासेमारीची परवानगी, बदल्यात दरवर्षी पैसे आणि माशांना शुल्कमुक्त बाजार.

साहेलच्या, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातल्या, माली, बुर्किना फासो आणि नायजर या तीन देशांकडे असं हातात काही नाही, तिघांनाही समुद्रकिनारा नाही, माल येतो तो शेजाऱ्यांच्या बंदरांतून. तिथे लष्कराने सत्ता घेतल्यावर पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या इकोवास गटाने, ज्याचे ते सदस्य होते, निर्बंध लादले, जुलै 2023 च्या नायजरमधल्या बंडानंतर तर लष्करी कारवाईची धमकी दिली, आणि 29 जानेवारी 2025 ला ते अधिकृतपणे बाहेर पडले. तरी सीएफए फ्रँक हे पश्चिम आफ्रिकेतल्या काही देशांचं सामायिक चलन त्यांनी सोडलेलं नाही, आणि इकोवासनेही पुढचं ठरेपर्यंत त्यांच्या मालाला आणि माणसांना आधीसारखीच वाट द्यायला सदस्यांना सांगितलं, कारण सीमेपलीकडच्या बाजारावर दोन्हीकडचे लोक जगतात.

पूर्व आफ्रिकेत हा समजूतदारपणा दाखवला गेला नव्हता. केनिया, युगांडा आणि टांझानियाचा गट 1977 मध्ये मोडला, सामायिक विमान कंपनी बुडाली, टांझानियाने केनियाची सीमा बंद केली ती 1983 मध्ये उघडली, आणि मालमत्तेची वाटणी व्हायला 1984 उजाडलं. गट पुन्हा उभा राहिला तो थेट 2000 मध्ये.

ब्रिटननेही मे 2025 मध्ये युरोपीय संघाशी नवी बोलणी मान्य केली. अन्नपदार्थांची तपासणी कमी व्हावी म्हणून त्या क्षेत्रात संघाचे नियम, पुढे बदलतील तसे, पाळायचे, आणि सोबत युरोपीय बोटींना ब्रिटिश पाण्यात मासेमारी 2038 पर्यंत करू द्यायची, असं ठरलं. ते नियम बनवताना ब्रिटनचं मत विचारलं जाईल, पण मतदानाचा हक्क नसेल.