झुलू घरातली वंशावळ आणि मिशनऱ्याची वही

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात, डर्बनच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये, दोघा-दोघांच्या जोडीने पायी फिरणारे तरुण मिशनरी दिसतात. पांढरा सदरा, छातीवर काळी नावपट्टी. हे 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'चे, म्हणजे मॉर्मन पंथाचे कार्यकर्ते. मुलगे दोन वर्षांसाठी येतात, मुली दीड वर्षासाठी. त्यांचा आठवडा ठरलेला असतो. एक दिवस कपडे धुणं, बाजारहाट आणि घरी ख्यालीखुशाली कळवणं यात जातो. काही तास अंगमेहनतीच्या सेवेत जातात: कुणाची परसबाग खणून दे, कुणाच्या भिंतीला रंग दे. रविवारी प्रार्थना. उरलेल्या वेळात घरोघरी धर्माची शिकवण, आणि त्यासोबत आणखी एक काम, जे इतर पंथांच्या मिशनऱ्यांकडे सहसा दिसत नाही. ते घरातल्या मोठ्यांजवळ बसून आजोबा-पणजोबांची नावं लिहून घेतात.

फावडं आणि वंशावळीची वही एकाच माणसाच्या हातात कशी आली, आणि ती वही झुलू, म्हणजे या प्रांतातल्या मूळ आफ्रिकी समाजाच्या, घरात उघडते तेव्हा तिच्यामागे काय काय उभं असतं, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

या पंथात मृतांसाठीही बाप्तिस्मा घेता येतो. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने १८४० मध्ये ही शिकवण मांडली. जिवंत वंशजाने आपल्या पूर्वजाच्या नावाने मंदिरात विधी करायचा. तो स्वीकारायचा की नाकारायचा, हे त्या पूर्वजाच्या आत्म्यावर सोपवलेलं. आता विधी करायचा तर नाव हवं, म्हणून वंशावळीचा शोध हे धर्मकर्तव्यच झालं. १८९४ मध्ये अमेरिकेतल्या यूटा इथे त्यासाठी संस्था निघाली, १९३८ पासून जगभरच्या नोंदींची मायक्रोफिल्म काढायला सुरुवात झाली, आणि २०२१ मध्ये तिच्या सुमारे २४ लाख रिळांचं डिजिटल रूपांतर पूर्ण झालं. त्यात आपल्याकडच्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा आहेत. आज हे सगळं 'फॅमिलीसर्च' या नावाने चालतं.

पण दक्षिण आफ्रिकेत याच वंशावळीने एके काळी दार बंद ठेवायचं काम केलं आहे, आणि माझ्या मते ही पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय आजच्या कामाबद्दल बोलूच नये.

या पंथाचे पहिले मिशनरी १८५३ मध्ये केपटाउनला उतरले. त्यांचा सगळा रोख गोऱ्या वसाहतवाल्यांवर होता. १८६५ मध्ये हे मिशन बंद पडलं, १९०३ मध्ये पुन्हा सुरू झालं, तरी रोख तोच राहिला. कारण आफ्रिकी वंशाच्या पुरुषाला या चर्चमध्ये पुरोहितपद मिळत नसे आणि आफ्रिकी वंशाच्या कुणालाही, बाई असो की पुरुष, मंदिरातले मुख्य विधी करता येत नसत. दक्षिण आफ्रिकेत हा नियम आणखी कडक झाला. तिथल्या गोऱ्या पुरुषालाही पुरोहितपद हवं असेल तर आपल्या घराण्याच्या सगळ्या शाखा आफ्रिकेबाहेर, युरोपपर्यंत नेऊन दाखवाव्या लागत. रक्तात कुठे आफ्रिकी अंश नाही हे सिद्ध करायचं! त्यासाठी मिशनऱ्यांना खास वंशावळी शोधण्याच्या कामाला लावलं जाई. १९५४ मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष डेव्हिड मॅके दक्षिण आफ्रिकेत आले आणि त्यांनी ही पुराव्याची अट काढून टाकली. मूळ बंदी मात्र जून १९७८ पर्यंत टिकली. हा अन्याय होता, आणि तो वंशावळीचा कागद पुढे करून केलेला होता. आज वही घेऊन झुलू घरात जाणाऱ्या विशीतल्या पोराला हे ठाऊक असायला हवं.

१९७८ नंतर चित्र बदललं. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या ज्युलिया माविम्बेला यांची हकीकत त्या काळाची म्हणून लक्षात राहण्यासारखी आहे. त्यांचे पती १९५५ मध्ये मोटार अपघातात गेले होते. १९७६ च्या उठावानंतर होरपळलेल्या वस्तीत त्यांनी मुलांना हाताशी धरून भाजीपाल्याच्या बागा फुलवल्या. १९८१ मध्ये मुलांच्या एका क्लबघराच्या साफसफाईला त्या गेल्या, तर तिथे दोन गोरे तरुण फावड्याने राडारोडा उपसत होते. वर्णद्वेषाच्या त्या दिवसांत सोवेटोत गोऱ्या हातात फावडं हे दृश्य दुर्मीळच. ते दोघे याच पंथाचे मिशनरी होते. पुढे ते त्यांच्या घरी आले, भिंतीवरचा लग्नाचा फोटो त्यांनी पाहिला आणि पतीबद्दल विचारलं. धर्माच्या बाकीच्या गोष्टी बाईंनी वरवर ऐकल्या होत्या. मृतांचा विषय निघाला तेव्हा मात्र त्या सावरून बसल्या. त्याच वर्षाअखेरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधी फावडं, मग फोटो, मग नाव: मिशनऱ्याच्या आठवड्यातली सेवा आणि कुळाचा शोध एकत्र कसे येतात ते इथे अगदी जवळून दिसतं. १९८५ मध्ये जोहान्सबर्गला मंदिर झालं, १९८८ मध्ये डर्बनचं वेगळं मिशन निघालं, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये डर्बनलाही मंदिर उभं राहिलं.

झुलूंच्या दारात वही घेऊन येणारे हे पहिले लोक नव्हेत. १८३५ मध्ये 'अमेरिकन बोर्ड' या प्रॉटेस्टंट मिशन संस्थेचे मिशनरी नातालच्या किनाऱ्यावर उतरले आणि पुढे राजा डिंगानेला भेटले. नॉर्वेच्या श्रॉयडरने १८५० मध्ये झुलू व्याकरण छापलं. नातालचा अँग्लिकन बिशप कोलेन्सो याने १८६१ मध्ये शब्दकोश काढला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्याच्या अनेक बायका आहेत त्याला बाप्तिस्म्यासाठी बायका सोडायला लावू नये असं तो म्हणाला, आणि पुढे लांगालिबालेले हा आफ्रिकी टोळीप्रमुख व झुलू राजा सेत्श्वायो यांची बाजू घेऊन ब्रिटिश सरकारशी भांडला. लोक त्याला 'सोबांटू', जनांचा बाप, म्हणत. हेन्री कॅलवे या मिशनऱ्याने झुलूंच्या पूर्वजपूजेचं वर्णन त्यांच्याच तोंडून लिहून घेतलं. त्यातला बराच मजकूर म्पेंगुला म्बांडे या झुलू धर्मशिक्षकाने सांगितलेला. आणि कोलेन्सोच्या छापखान्यात तयार झालेल्या मागेमा फुझेने आपल्या लोकांचा इतिहास स्वतःच झुलूत लिहिला. तो १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्या वह्यांमध्ये मला फुझेची वही सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिथे विचारणारा आणि सांगणारा एकाच घरातले आहेत.

या वह्यांशेजारी सरकारची वहीही होती. नातालमध्ये १८४९ पासून दर झोपडीमागे ७ शिलिंग कर बसला, १८७५ मध्ये तो १४ झाला. प्रत्येक बायकोची झोपडी वेगळी, म्हणजे कर मोजणारा कुटुंबच मोजत होता. त्यावर डोईपट्टी आली आणि १९०६ मध्ये बंबाथा या झुलू टोळीप्रमुखाचा उठाव पेटला. त्याच वेळी गांधीजींच्या हिंदी पथकाने जखमी झुलूंची शुश्रूषा केली, हे आपल्याला ठाऊक असतं. कमी माहीत असलेली गोष्ट जेम्स स्टुअर्टची. या न्यायाधिकाऱ्याने १८९७ ते १९२२ या काळात सुमारे २०० लोकांकडून घराण्यांच्या कथा, स्तुतिकवनं, वंशक्रम टिपून घेतले. आज झुलू इतिहासाचा अभ्यास त्या कागदांवाचून होत नाही. ते डर्बनच्या किली कॅम्पबेल ग्रंथालयात आहेत. आणि हाच स्टुअर्ट १९०६ मध्ये उठाव मोडणाऱ्या फौजेत अधिकारी होता. पुढे १९५२ च्या कायद्याने सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकी माणसाला पासबुक, म्हणजे ओळख आणि फिरण्याच्या परवान्याची सरकारी वही, बाळगावं लागलं. एखादी आजी नाव सांगण्याआधी 'हे कुठे जाणार?' असं विचारते तेव्हा तिच्या शंकेला दीडशे वर्षांचा आधार असतो.

तरी नावं हरवलेली नाहीत. ती कागदावर नव्हती एवढंच. झुलू माणसाचं आडनाव म्हणजे इसिबोंगो, आणि त्याला जोडून येतात इझिथाकाझेलो: कुळाच्या मूळ पुरुषांची नावं गुंफलेली आदराची हाक. खुमालोंना 'म्तुंग्वा', बुथेलेझींना 'शेंगे', मखिझेंना 'खाबाझेला'. पाहुण्याचं स्वागत करताना, आभार मानताना, रडणाऱ्या बाळाला थोपटताना ही नावं रोज तोंडात असतात. एकाच इसिबोंगोत लग्न होत नाही, त्यामुळे सोयरीक जुळवताना वंश आठवावाच लागतो. माणूस घरापासून दूर मेला तर उम्लाह्लान्कोसी या काटेरी झाडाची फांदी घेऊन कुटुंबातला कुणीतरी मृत्यूच्या जागी जातो आणि त्याचा आत्मा तिच्यासोबत घरी आणतो; वाटेत फांदीशी बोलत यायचं असतं. असा समाज पूर्वजांना विसरलाय आणि आपण त्याला आठवण करून देतोय, असं समजून जो मिशनरी येईल त्याने आधी नुसतं ऐकावं.

जिथे धागा खरंच तुटला आहे, तिथे तो तोडला गेला आहे. खाणींच्या नोकरीने पुरुष वर्षानुवर्षं दूर राहिले. १९६० ते १९८३ दरम्यान देशभरात सुमारे ३५ लाख लोकांना घरांतून हलवलं गेलं, आणि पूर्वजांच्या कबरी मागे राहिल्या. शाळेत मास्तरांनी इंग्रजी नावं लावली, त्यामुळे एकच माणूस कागदावर एक आणि घरात दुसरा. नंतर एड्सने या प्रांतात मधली पिढीच नेली; आजी आणि नातवंडं उरली. पीटरमारित्झबर्गच्या विद्यापीठात 'सिनोमलांडो' या केंद्राने अशा मुलांसाठी स्मृतिपेट्यांचं काम केलं. आईचा फोटो, घरातल्यांनी सांगितलेल्या आठवणी, एखादी वस्तू हे सगळं एका पेटीत, आणि पेटी मुलाजवळच राहते. मिशनऱ्यांनी शिकण्यासारखी गोष्ट माझ्या लेखी हीच आहे. लिहिलेल्या नावांची प्रत त्या घरात राहिली पाहिजे, आणि ती नावं पुढे कोणत्या विधीसाठी वापरली जाऊ शकतात हे सांगणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगितलं पाहिजे. गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्या माणसासाठी विधी करायचा तर सर्वांत जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी लागते, असा चर्चचा स्वतःचाच नियम आहे. घरचे सगळे एका पंथाचे नसतात. कुणी लुथरन, कुणी कॅथलिक, कुणी शेम्बे या झुलू धर्मगुरूने काढलेल्या नाझरेथ चर्चचे. त्या सगळ्यांच्या आजोबांचा प्रश्न असतो.

प्रत्यक्ष लिहिताना अडचणी वेगळ्याच येतात. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्या नावातली अक्षरंसुद्धा बोलण्यात टाळते. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आपल्या आज्या आठवल्या तर हे लगेच कळेल. अशा बाईला सासऱ्याचं नाव विचारून तिला कोंडीत पकडण्यापेक्षा तो प्रश्न घरातल्या मुलाला विचारावा. एकाहून जास्त बायका असलेल्या घराण्यात मूल कोणत्या आईच्या घरातलं हे लिहिलं नाही, तर थोरला-धाकटा, वारस कोण, सगळाच घोळ होतो.

आणि आज्यांची माहेरं. झुलू बाईला लग्नानंतरही माहेरच्या कुळानेच हाक मारतात: मखिझेंची लेक ती मामखिझे, खुमालोंची ती माखुमालो. वहीत तिच्यापुढे नवऱ्याचं आडनाव लावून पान उलटलं की तिचं माहेर, तिच्या आईचं माहेर, सगळं तिथेच सुटतं. म्हणून 'शेजारी तुम्हाला काय हाक मारतात?' हे विचारावं. उत्तर माखुमालो आलं, की पुढची चौकशी खुमालोंच्या घरी, आणि तिथला जाणता म्हातारा गाठायचा तर कामाला आणखी एक आठवडा लागतो.