सुशीचा भात आदल्या रात्री करून ठेवू नये : घरच्या भांड्यांत सुशी करणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्या बडोद्यातील दुकानातून सुशीचे, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या भाताच्या जपानी पदार्थाचे, साहित्य नेणारे जे ग्राहक तक्रार घेऊन परत येतात, त्यांपैकी बहुतेकांचे म्हणणे एकच असते : कापताना रोल, म्हणजे भाताची गुंडाळी, सुटतो, आणि ती गुंडाळायची बांबूची चटई नसल्यामुळेच तो सुटत असावा, तेव्हा चटई द्या किंवा तांदळाचे पाकीट बदलून द्या. गर्दीच्या वेळी प्रत्येकाशी सविस्तर बोलणे शक्य होत नाही, म्हणून हे पत्रक आम्ही प्रत्येक पाकिटासोबत देत आहोत.

दोष चटईचा नसतो आणि तांदळाचाही नसतो. थोडी विचारपूस केली की जवळजवळ प्रत्येक वेळी असे कळते की भात आदल्या रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवलेला होता. पाहुणे येणार, ऐन वेळी धांदल नको, म्हणून काम आधी उरकून ठेवण्याचा हा विचार अगदी स्वाभाविक आहे. परंतु सुशीतील बाकी सर्व काही आदल्या दिवशी करता येते, भात मात्र येत नाही.

ज्या घरात शिळ्या भाताला फोडणी दिली जाते, त्या घराला याचे कारण ओळखीचे आहे. ताज्या मऊ भाताचा फोडणीचा भात गिच्च होतो आणि शिळ्याचा मोकळा होतो, कारण शिजताना पाणी पिऊन फुगलेले तांदळातील पिष्ट थंड होताना पुन्हा घट्ट बांधले जाते, आतले पाणी सोडू लागते आणि दाणा कोरडा व कडक होतो. ही क्रिया सर्वांत वेगाने होते ती साधारण 4 अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे नेमकी आपल्या फ्रिजच्या तापमानात. फोडणीच्या भाताला जो मोकळेपणा हवा असतो, तोच सुशीचा शत्रू आहे. असा भात पुन्हा गरम केला तर काही अंशी मऊ होतो, पण व्हिनेगर घातलेला भात तापवला की त्याचा आंबट वास उडतो आणि चव बिघडते. त्यामुळे तो वाचवण्याच्या खटपटीपेक्षा नवा भात टाकणे कमी वेळाचे काम आहे.

सुशी या नावाचा संबंधही कच्च्या माशाशी नसून आंबट भाताशी आहे. जपानमधील बिवा सरोवराच्या परिसरात आजही मासे मीठ लावून भातात महिनोन्‌महिने आंबवून ठेवण्याची जुनी पद्धत टिकून आहे. सुशीचा उगम अशाच पद्धतीत आहे, आणि त्या आंबटपणाची जागा पुढे व्हिनेगरने घेतली. म्हणून काकडी आणि पनीर घालून केलेली शाकाहारी सुशी ही नक्कल आहे असे आम्ही मानत नाही. आंबट भात नीट जमला असेल तर ती सुशीच आहे.

आता भाताविषयी. आमच्याकडील आखूड दाण्याचा तांदूळ 300 ग्रॅम घ्यावा, तीन-चार पाण्यांत हलक्या हाताने धुवावा आणि पाणी पूर्ण निथळून 400 मिलिलीटर स्वच्छ पाण्यात अर्धा तास भिजवावा. त्याच पाण्यात, जाड बुडाच्या पातेल्यात, घट्ट झाकण ठेवून उकळी आणावी, मग गॅस अगदी मंद करून बारा मिनिटे शिजवावा आणि गॅस बंद केल्यावर आणखी पंधरा मिनिटे झाकण न उघडता ठेवावा. कुकरच्या शिट्ट्यांवर हा भात करू नये, कारण दाणा फुटतो आणि लगदा होतो. भात मोकळा व्हावा म्हणून तेल, तूप किंवा लिंबू घालण्याची सवय इथे बाजूला ठेवावी लागते. बासमतीचा रोल होत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. हात बसेपर्यंत इंद्रायणी किंवा आंबेमोहर वापरण्यास आमची हरकत नाही. दोन्ही चिकट होतात, फक्त त्यांचा सुगंध सुशीत थोडा पुढे येतो.

व्हिनेगर भात गरम असतानाच घालावे, कारण गरम दाणा ते शोषून घेतो आणि थंड दाण्यावर ते नुसते ओघळते. वरील मापाला 45 मिलिलीटर राइस व्हिनेगर, 20 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम मीठ पुरते. हे मिश्रण कोमट करून विरघळवावे, उकळू नये. घरात साधे पांढरे व्हिनेगरच असेल तर ते 30 मिलिलीटर घेऊन त्यात 15 मिलिलीटर पाणी मिसळावे. ते चालते, मात्र त्याचा झणका राइस व्हिनेगरपेक्षा अधिक असतो. जपानी लोक यासाठी लाकडी घंगाळ वापरतात, आपल्याला स्टीलची परात पुरते. अॅल्युमिनियमचे किंवा कल्हई नसलेले पितळी भांडे आंबटासाठी घेऊ नये. लाकडी भातवाढीने भात घोटू नये, तर कापत कापत उलटावा आणि त्याच वेळी एखाद्या पुठ्ठ्याने वारा घालावा, म्हणजे वरचा ओलावा जाऊन दाण्याला चकाकी येते. भात हाताला कोमट लागू लागला की तो तयार झाला. त्याहून गरम भात पसरला तर नोरी, म्हणजे भाताभोवती गुंडाळायचे शैवालाचे पान, आक्रसते व चिवट होते.

तयार भात ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याखाली बाहेरच ठेवावा आणि तीन-चार तासांत संपवावा. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दोन तासांपेक्षा अधिक थांबू नये. तांदळातील काही जिवाणूंचे बीज शिजवूनही मरत नाही, त्यामुळे व्हिनेगरच्या भरवशावर भात दिवसभर उघड्यावर ठेवणे योग्य नाही.

चटईविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ज्या घरात अळूवडीचे उंडे आणि सुरळीची वडी होते, तिथल्या हातांना गुंडाळी नव्याने शिकवावी लागत नाही. जाड सुती नॅपकीन चौकोनी घडी करून घ्यावा, त्यावर स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद पसरावा, त्यावर नोरीची चकचकीत बाजू खाली ठेवावी आणि पाण्यात थोडे व्हिनेगर मिसळून ओल्या केलेल्या हातांनी भाताचा पातळ थर द्यावा. पलीकडची दोन सेंटिमीटर कड मोकळी सोडावी, कारण तिथेच रोल चिकटतो. दाब अळूवडीइतकाच, सर्वत्र सारखा. कापताना सुरी प्रत्येक कापानंतर ओल्या फडक्याने पुसावी. आमच्या संचात आम्ही चटई मुद्दाम घालत नाही, तिच्यामुळे किंमत वाढते आणि भात बिघडलेला असेल तर तिचा काही उपयोग होत नाही. ज्यांना हवीच आहे त्यांच्यासाठी ती वेगळी ठेवलेली आहे.

नोरी हे समुद्री शैवाल आहे आणि आमच्याकडील साध्या नोरीत दुसरे काही नाही. चटपटीत खाऊ म्हणून मिळणाऱ्या छोट्या मसालेदार नोरीत मात्र कधी कधी माशाचा अर्क असतो, म्हणून शाकाहारी ग्राहकांनी पाकिटावरील घटक वाचूनच घ्यावे. पावसाळ्यात नोरी उघडी राहिली की तासाभरात मऊ पडते. अशी नोरी पापडासारखी गॅसवर लांबून दोन-तीन सेकंद फिरवली की पुन्हा कुरकुरीत होते. म्हणूनच उघडलेले नोरीचे पाकीट आम्ही परत घेत नाही. काही ग्राहक यावर नाराज होतात, पण हवा लागलेला माल दुसऱ्याला विकणे आम्हाला पटत नाही.

कच्चा मासा आम्ही ठेवत नाही आणि घरच्या सुशीत तो वापरण्याचा सल्लाही देत नाही. त्यातील परजीवी मारण्यासाठी मासा उणे 20 अंशांवर सलग सात दिवस गोठवावा लागतो, आणि घरातील फ्रीझर साधारण उणे 18 अंशांपर्यंतच जातो. शिजवलेली कोळंबी, पनीर, टोफू, खंडेराव मार्केटमधून आणलेली कोवळी काकडी, कैरीच्या बारीक फोडी, यांत भरपूर वाव आहे. जैन ग्राहकांनी गाजराऐवजी ढोबळी मिरची घ्यावी.

पाहुणे असतील तर आदल्या दिवशी व्हिनेगरचे मिश्रण करून ठेवावे, भाज्या चिरून डब्यात घालाव्यात, आणि त्या दिवशी पाहुण्यांच्या वेळेच्या अडीच-तीन तास आधी तांदूळ धुवायला घ्यावा. 300 ग्रॅम तांदळात साधारण पाच रोल, म्हणजे चाळीस तुकडे होतात, आणि चार माणसांना ते पुरतात. आम्ही हा तांदूळ 300 ग्रॅमच्या पाकिटातही ठेवतो, त्यामुळे पहिल्या वेळी मोठे पाकीट घेण्याची गरज नाही. किती माणसे आहेत ते काउंटरवर सांगितले तर नोरीची पानेही तेवढीच मोजून देता येतात.