गिअर बदलताना क्लच: केव्हा दाबावा, केव्हा न दाबता चालते

चिपळूणच्या आमच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला गाडी देताना बरेच ग्राहक, विशेषतः नवी मोटारसायकल घेतलेले तरुण, एक प्रश्न हमखास विचारतात: क्लच न दाबता गिअर बदलला तर गाडी खराब होते का? गिअर वर चढवताना, योग्य रीतीने केल्यास, फारसे बिघडत नाही. गिअर उतरवताना मात्र क्लच वगळणे आम्ही कोणालाही सुचवत नाही. या उत्तरामागचे कारण काउंटरवर उभ्याउभ्या सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक काढले आहे. यातील माहिती पायाने गिअर टाकायच्या मोटारसायकलींसाठी आहे. ऑटोमॅटिक स्कूटरला ती लागू नाही.

इंजिनच्या आत काय घडते

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये सर्व गिअरच्या जोड्यांचे दाते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. प्रत्येक जोडीतला एक गिअर शाफ्टबरोबर फिरतो आणि दुसरा शाफ्टवर मोकळा फिरत असतो. आपण पायाने लिव्हर हलवला की आतला शिफ्ट ड्रम थोडा फिरतो, त्यावरच्या खाचांमुळे गिअर फोर्क सरकतो, तो फोर्क एका गिअरला शाफ्टवर बाजूला ढकलतो आणि त्या गिअरच्या कडेवरचे ठोकळ्यासारखे उंचवटे, ज्यांना डॉग म्हणतात, शेजारच्या गिअरच्या खाचांत शिरून त्याला शाफ्टशी जखडून टाकतात. गिअर पडणे म्हणजे एवढेच.

इंजिन जोर लावत असते तेव्हा हे डॉग खाचेच्या भिंतीवर घट्ट दाबलेले असतात. त्यांच्या कडा मुद्दाम किंचित तिरक्या कापलेल्या असतात, त्यामुळे ओढ जितकी जास्त तितकी पकड पक्की होते आणि चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटत नाही. दारावर कोणी रेलून उभे असेल तर कडी निघत नाही, आणि तो जरा मागे सरला की तीच कडी एका बोटाने सरकते. डॉगचेही तसेच आहे. हा दाब काढून घेण्याचे दोन मार्ग आहेत. क्लच दाबून इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तोडावा, किंवा अॅक्सिलरेटरची मूठ क्षणभर सोडून इंजिनची ओढच थांबवावी.

क्लच दाबून गिअर टाकणे

मूठ सोडणे, क्लच दाबणे, पायाने लिव्हर शेवटपर्यंत नेणे आणि क्लच सोडत पुन्हा रेस देणे, या क्रिया एकापाठोपाठ एक न करता एकमेकींत मिसळून व्हाव्या लागतात. चालत्या गाडीत वरचा गिअर टाकण्यासाठी क्लच पूर्ण हँडलला टेकेपर्यंत दाबण्याची गरज नसते. क्लचमधल्या एकमेकींवर दाबलेल्या प्लेटा सुटतील इतका दाबला तरी पुरते. लिव्हर मात्र अर्धवट दाबू नये. हलक्या पायाने टाकलेला गिअर डॉगच्या केवळ टोकावर अडकतो आणि पुढच्या झटक्याला सुटतो. आमच्याकडे येणाऱ्या इंजिनांत दुसऱ्या गिअरचे डॉग सर्वांत जास्त घासलेले दिसतात, कारण बहुतेक गाड्यांत पहिला आणि दुसरा यांच्यामध्ये न्यूट्रल असतो आणि तिथे पाय कचरतो.

उभ्या गाडीत पहिला गिअर पडत नसेल तर लिव्हरवर लाथ मारू नये. दोन्ही गिअर स्थिर असल्याने डॉग खाचेसमोर न येता भिंतीवर टेकलेले असतात. न्यूट्रलमध्येच क्लच एकदा सोडून पुन्हा दाबावा किंवा गाडी हातभर पुढे-मागे ढकलावी. शाफ्ट थोडा फिरतो आणि गिअर पडतो. सकाळच्या पहिल्या गिअरला होणारा ‘खट्’ हा आवाज बहुधा रात्रभर ऑइलमध्ये चिकटून राहिलेल्या क्लच प्लेटांचा असतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

गिअर उतरवताना एक बाब बहुतेकजण विसरतात. त्याच वेगाला खालच्या गिअरमध्ये इंजिन अधिक फेरे घेते. क्लच नुसता सोडून दिला तर ते फेरे वाढवण्याचे काम मागच्या टायरवर पडते, गाडीला हिसका बसतो आणि ओल्या रस्त्यावर मागचे चाक घसरते. क्लच दाबलेला असतानाच मुठीला हलकीशी रेस दिली तर हा हिसका नाहीसा होतो. जुलैतल्या परशुराम घाटात हे कौशल्य कोणत्याही महागड्या टायरपेक्षा अधिक उपयोगी आहे, असे आमचे मत आहे.

क्लच न दाबता

तिसऱ्यावरून चौथ्यावर किंवा चौथ्यावरून पाचव्यावर जाताना, गाडी एकसारखी वेग घेत असताना, पायाने लिव्हरवर हलका दाब आधीच देऊन ठेवावा. ओढ असेपर्यंत गिअर हलणार नाही. मग मूठ झटकन थोडी सोडावी. ओढ संपताच लिव्हर स्वतःहून पुढच्या गिअरमध्ये सरकतो आणि लगेच पुन्हा रेस द्यावी. हे पायाच्या ताकदीचे काम नाही. रेस तशीच ठेवून जोराने लिव्हर दाबणाऱ्यांच्याच डॉगच्या कडा गोल होतात आणि फोर्क वाकतात. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना ही पद्धत वापरू नये. मध्ये न्यूट्रल असते आणि दोन गिअरमधला फरकही मोठा असतो.

गिअर उतरवताना क्रिया उलट होते. मूठ सोडलेली असताना चाक इंजिनाला ओढत असते, म्हणून डॉग दुसऱ्या बाजूने दाबलेले असतात. ते मोकळे करण्यासाठी रेस द्यावी लागते आणि ती नेमकी खालच्या गिअरच्या फेऱ्यांइतकी असावी लागते. हा अंदाज शर्यतीत गाडी चालवणाऱ्याला जमतो, पण सामान अन् मागे माणूस घेऊन बाजारातून जाणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

अनेकांचा समज असा असतो की क्लच कमी वापरला तर प्लेटा जास्त टिकतात. प्लेटा गिअर बदलण्याने फारशा झिजत नाहीत. त्या झिजतात चढणीवर हाफ क्लचवर गाडी तोलून धरल्याने आणि लिव्हरवर सतत बोटे टेकवून ठेवल्याने. शिवाय खर्चाचा हिशेबही उलटा आहे. क्लच प्लेटा बदलण्यासाठी बहुतेक गाड्यांत उजव्या बाजूचे एक कव्हर काढले की काम होते. गिअरचा डॉग किंवा फोर्क बदलायचा असेल तर इंजिन फ्रेममधून उतरवून पूर्ण दुभंगावे लागते. उजव्या पायाचा गिअर असलेल्या जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असे, तेवढाच त्याला अपवाद.

क्विकशिफ्टर असलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. २०२० साली भारतात आलेल्या केटीएम ३९० अॅडव्हेंचरसारख्या गाडीत पायाचा दाब सेन्सरला जाणवताच इंजिनची ओढ सेकंदाच्या काही शतांश भागापुरती तोडली जाते, आणि गिअर उतरवताना गाडी स्वतःच रेस देते. होंडाची १९५८ पासूनची सुपर कब किंवा टीव्हीएसची २००९ मधली जाइव्ह यांना क्लचचा लिव्हर नाही, पण क्लच आहे. तो आपोआप सुटतो. या गाड्यांचे उदाहरण देऊन साध्या १२५ सीसी गाडीवर तसेच करू नये.

घाटात

कुंभार्ली चढताना गाडी धापा टाकू लागेपर्यंत वाट न पाहता वळणाच्या आधीच गिअर उतरवावा, म्हणजे वळणात क्लच हाताळावा लागत नाही. उतरताना क्लच दाबून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडणे धोक्याचे आहे, कारण इंजिनचा अटकाव नाहीसा होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चढताना जो गिअर लागला त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आजही बरोबर आहे.

क्लच न दाबता गिअर टाकण्याचा खरा उपयोग क्लच केबल तुटते तेव्हा होतो. केबल बहुधा लिव्हरकडच्या टोकाला, एकेक तार तुटत जाते. त्याआधी काही दिवस लिव्हर जड किंवा खरखरीत लागतो. रस्त्यात तुटलीच तर प्रथम गाडी बाजूला घ्यावी. रहदारी नसेल आणि जवळच पोहोचायचे असेल तरच इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू करून, गाडी सपाटीवर किंवा हलक्या उतारावर चालत्या माणसाच्या वेगाला आणून पहिला गिअर टाकावा. त्या वेळी हिसका बसतो, म्हणून मागे कोणी बसलेले नसावे. पुढचे गिअर मूठ सोडून चढवावेत. इथे पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मात्र नाइलाज असतो. थांबण्याच्या पुष्कळ आधी न्यूट्रल शोधावे. लांब प्रवास करणारे काही ग्राहक जुन्या केबलला समांतर नवी केबल बांधून ठेवून घेतात. ती सोय आम्ही करून देतो.

क्लचची ढील आणि ऑइल

क्लच लिव्हरच्या टोकाला, प्लेटा सुटू लागण्याआधी, थोडी मोकळी हालचाल हवी. बऱ्याच कम्युटर गाड्यांत ती १० ते २० मिलिमीटर असते, तर काही गाड्यांत त्याहून बरीच कमी. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. ढील फारच कमी असेल तर प्लेटा घसरतात, म्हणजे इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही. ढील जास्त झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर कडक पडतात आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून आलेल्या कित्येक गाड्या केवळ केबलचा नट फिरवून बऱ्या झालेल्या आहेत.

क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असल्याने ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हा दर्जा असल्याची खात्री करावी. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायने असतात आणि त्यांनी प्लेटा घसरू लागतात.

गिअरची तक्रार घेऊन येताना ती कोणत्या गिअरला होते, इंजिन थंड असताना की तापल्यावर, आणि रेस देताना की सोडताना, एवढे कृपया पाहून यावे. रेस देताना गिअर सुटत असेल तर डॉग गोल झाल्याची शक्यता अधिक असते. येण्यापूर्वी ऑइल बाहेर बदलून घेऊ नये, कारण जुन्या ऑइलमध्ये उतरलेला धातूचा चुरा पाहून इंजिन उघडायचे की नाही हे ठरवणे आम्हाला पुष्कळदा शक्य होते.