चौकट कुठे आहे ते आधी पाहा

कापड होतं सव्वापाच मीटर. त्यातून झब्ब्यासाठी काही कापलं, उरलं पावणेतीन. कापलं किती? वहीत हे असं मांडतात: ५ १/४ − □ = २ ३/४.

‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ एवढंच पाठ असलेली मुलं वजाचं चिन्ह दिसताच बेरीज करतात आणि उत्तर काढतात आठ. सव्वापाच मीटरमधून आठ मीटर कसं कापणार? आठ हे उत्तर □ − २ ३/४ = ५ १/४ या वेगळ्याच गणिताचं आहे. तिथे मूळ कापडच माहीत नाही, म्हणून कापलेलं आणि उरलेलं एकत्र करायचं. चौकट वजाच्या पुढे गेली, की मात्र वजाबाकीच करायची.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) विलोम विधी दिला आहे: उत्तराकडून मागे या, मिळवलं असेल तिथे वजा करा, वजा केलं असेल तिथे मिळवा. पण हा नियम अज्ञात संख्येवर क्रिया झालेली असते तेव्हाचा. आपल्या उदाहरणात अज्ञात संख्याच दुसरीतून वजा झाली आहे. माझ्या मते हा फरक मुलांना ल.सा.वि.च्या आधी कळायला हवा.

आता प्रत्यक्ष वजाबाकी. १/४ मधून ३/४ जात नाहीत, म्हणून पाचातला एक फोडून ४ ५/४ करायचे. उत्तर २ २/४, म्हणजे अडीच. घोटाळा होतो तो या फोडण्यात. पूर्ण संख्यांच्या सवयीने एकाचे दहा धरून काही जण ४ ११/४ लिहितात. इथे छेद चार आहे, तेव्हा एकाचे चारच भाग होणार.

‘लीलावती’तच भागानुबंध (संख्येत अपूर्णांक मिळवणं) आणि भागापवाह (संख्येतून अपूर्णांक कमी करणं) यांचं एक छोटंसं उदाहरण आहे: पाव मिळवलेले दोन आणि पाव कमी असलेले तीन सवर्णित करून, म्हणजे एकाच अपूर्णांकात मांडून सांग. उत्तरं ९/४ आणि ११/४. म्हणजे पावणेतीनकडे ‘तीनाला पाव कमी’ असं पाहायचं. तिथून तीनपर्यंत पाव, तीनापासून सव्वापाचपर्यंत सव्वादोन, झाले अडीच. काही फोडावं लागलं नाही.

छेद वेगळे असले तरी ही रीत चालते. ४ १/६ − □ = १ ५/८ घ्या. १ ५/८ पासून दोनपर्यंत ३/८, दोनापासून पुढे २ १/६. आता फक्त ३/८ आणि १/६ यांचे छेद समान करायचे: ९/२४ आणि ४/२४. चौकटीत २ १३/२४.